पहिली गोधडी शिवताना दुपट्यापासून सुरुवात करावी

दिवाळी सरली की नाशिकच्या सकाळी गारवा उतरतो, निफाडचा पारा तर डिसेंबर-जानेवारीत दहा अंशांच्याही खाली जातो, आणि घरोघरच्या माळ्यांवरील गोधड्या उन्हात येतात. गोधडी शिवायला शिकण्याचा हाच हंगाम आहे, कारण जेवणानंतर गच्चीवर सतरंजी टाकून तासभर बसता येते आणि त्या उजेडात बारीक टाकाही स्पष्ट दिसतो. मात्र पहिल्याच वेळी माणूसभर गोधडी हाती घेऊ नये. ती अर्धवट राहून कपाटात जाते, हे मी अनेकींच्या घरी पाहिले आहे. सुरुवात तान्ह्या बाळाच्या दुपट्याने करावी. त्यात गोधडीचे सगळे काम येते आणि रोज दुपारी तासभर दिला तर दोन आठवड्यांत ते हातावेगळे होते.

कापडाची निवड हा या कामाचा पाया आहे, म्हणून येथे वेळ द्यावा. दुपट्याला जुनी, अनेकदा धुतलेली सुती साडी उत्तम, कारण ती मऊ झालेली असते आणि जेवढी आटायची तेवढी आटून गेलेली असते. साडी सुती आहे की नाही याची शंका असल्यास कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवावा. सुताचा धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची मऊ राख होते, तर पॉलिस्टरचा धागा वितळून त्याची कडक गुठळी बनते. सुती थरांत पॉलिस्टरचा एखादा थर मिसळला तर धुतल्यावर सूत आटते, पॉलिस्टर आटत नाही आणि सगळ्या दुपट्याला झोळ पडतो. त्यानंतर साडी उजेडासमोर धरून विरलेल्या जागा पाहाव्यात. दोन्ही अंगठ्यांनी हलके ताणल्यावर जी जागा फाटते ती वापरू नये, आणि जी नुसती झिरझिरीत झाली आहे ती आतल्या थराला लावावी. लाल आणि गर्द निळे कापड भिजवून पांढऱ्या ओल्या फडक्याने घासावे, आणि फडक्यावर रंग उतरला तर ते दुपट्यात घेऊ नये. येवल्याच्या पैठणीच्या काठाचे तुकडे कितीही सुंदर दिसले तरी त्यांची जर बाळाच्या अंगाला टोचते, तेव्हा ते तुकडे मोठ्यांच्या गोधडीसाठी जपून ठेवावेत.

सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब आणि ४५ इंच रुंद असते. तिच्यातून ३८ इंचांचे पाच चौरस निघतात. त्यांतले चार थरांना घ्यावेत आणि पाचवा ठिगळांसाठी ठेवावा. आतले दोन थर कापून ३६ इंचांचे करावेत, म्हणजे वरच्या व खालच्या थरांच्या कडा चारी बाजूंनी एकेक इंच आत मुडपता येतात.

थर पसरण्याचे काम एकटीने करू नये. जमिनीवर खालचा थर पसरल्यावर समोरासमोर बसलेल्या दोघींनी कोपरे धरून तो सारखा ताणावा, त्यावर दुसरा थर टाकून मधून कडांकडे तळहात फिरवावा, आणि असे चारही थर एकमेकांवर बसवावेत. आमच्या वाड्यात या कामासाठी नेहमी शेजारच्या काकू येतात. मैत्रिणीच्या घरचे थर पसरायचे असले की आम्ही दोघी तिच्याकडे जातो. ही देवघेव गेली कित्येक वर्षे चालू आहे, आणि आमचे बोलणेही बहुतेक थर ताणतानाच होते.

आता कच्चा टाका घालावा. मधोमध सुरू करून चारही कोपऱ्यांकडे आणि मग चारही बाजूंकडे दोन-दोन इंचांचे सैल टाके घालत जावे. मी माझ्या पहिल्या दुपट्याला कच्चा टाका न घालता थेट कडेपासून धावदोरा घातला होता. तिसऱ्या फेऱ्याला मधोमध कापडाचा भाकरीएवढा फुगवटा उभा राहिला, कारण कडेकडून सरकत आलेल्या जास्तीच्या कापडाला बाहेर जायला वाटच उरली नव्हती. तिन्ही फेरे उसवावे लागले. उसवल्यावर सुईची भोके उघडी राहिली तेव्हा काकूंनी बोट पाण्यात बुडवून ती जागा ओली केली, नखाने उभे-आडवे हलकेच खरवडले आणि धागे पुन्हा जवळ येऊन भोके मिटली. हा उपाय तेव्हापासून मी अनेकदा वापरला आहे.

पक्क्या शिवणीला मोठ्या नाकाची सुई आणि जाड सुती दोरा घ्यावा. एका दुपट्याला सुमारे ४० मीटर दोरा लागतो. दोरा एका वेळी दोन हातांपेक्षा लांब घेऊ नये आणि मेणावरून एकदा ओढून घ्यावा, म्हणजे त्याचा गुंता होत नाही. गाठ थरांच्या आत लपवावी, कारण बाहेर राहिलेली गाठ बाळाच्या त्वचेला घासते. कडा मुडपून पहिला फेरा अगदी काठाला घालावा, नंतर एकेक इंच आत सरकत चौकोनी फेरे मध्यापर्यंत न्यावेत. सुईवर तीन-चार टाके घेऊन मग दोरा ओढावा, मात्र कापड चुरगळेल इतका तो आवळू नये. डावा हात गोधडीखाली ठेवला की सुईचे टोक चारही थरांतून आले की नाही हे बोटाला कळते. ठिगळे लावायची असल्यास ती फेरे घालण्यापूर्वीच कडा मुडपून टाचून घ्यावीत, म्हणजे त्याच धावदोऱ्याखाली ती पक्की होतात.

मधल्या चौकोनातला शेवटचा टाका आमच्याकडे बाळाच्या आजीला घालायला देतात. त्या दिवशी चहाबरोबर शेंगदाण्याचे लाडू होतात, आणि ज्यांनी थर ताणायला हात लावला त्या सगळ्यांना आवर्जून बोलावले जाते. बारशाला दुपटे पाळण्यात जाते. पुढे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या दिवसांत बोरनहाण करतात, तेव्हा हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाला त्याच दुपट्यावर बसवावे. डोक्यावरून ओतलेली बोरे आणि चुरमुरे धावदोऱ्याच्या खाचांत अडकून बसतात, आणि बाळ ती एकेक करून उचलू लागते.

दुपटे पहिल्यांदा धुण्याआधी कच्चे टाके काढायचे असतात. ते गार पाण्यात, सौम्य साबणाने हातानेच धुवावे, पिळू नये, दाबून पाणी काढावे आणि उलट बाजू वर करून सावलीत आडवे वाळवावे. वाळल्यावर फेऱ्यांच्या मधले कापड किंचित उचलले जाऊन बारीक सुरकुत्या दिसतात. त्या इस्त्रीने मोडू नयेत, कारण त्याच फुगीर जागांत हवा धरली जाते आणि दुपट्याला ऊब येते.