जुन्या गाडीचा खालचा गंज: खर्च करावा की गाडी काढून टाकावी?

मराठवाड्यातली हवा कोरडी, त्यामुळे गाडी सहसा खालून सडत नाही. पण मुंबई-कोकणात वापरलेली गाडी घेतली असेल, किंवा मडगार्डच्या आत थापली गेलेली काळी माती पावसाळाभर तशीच राहिली असेल, तर खाली बघाच.

गाडी लिफ्टवर चढवा आणि पेचकसाच्या टोकाने पत्रा दाबा. पापुद्रे निघून खाली पत्रा टणक लागला, तर घासून प्रायमर मारला की भागतं. टोक आत घुसलं तर पत्रा संपला. त्यावर गंजरोधक काळा थर (कोटिंग) मारून घेऊ नका. आत गंज चालूच राहतो.

फ्लोअरला भोक असेल तर सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करता येतो. सस्पेन्शन, म्हणजे चाकांचे धक्के झेलणारी जोडणी, जिथे बसतं तीच जागा सडली असेल, तर माझ्या मते गाडी काढून टाकावी. आल्टोसारख्या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालची लोखंडी चौकट, नसते, सगळा भार बॉडीच पेलते. बोलेरोची चासी वेगळी असते. ती शाबूत असेल तर बॉडीवरचा खर्च परवडू शकतो.

गाडीला 15 वर्षं होत आली असतील तर आरटीओचं नूतनीकरण आणि पर्यावरण करही याच हिशेबात धरा. ब्रेकचे पाइप गंजलेले दिसले, तर मात्र ते बदलेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका.