लिनक्समध्ये उघड्या फाइल्सची मर्यादा कशी वाढवायची

लॉगमध्ये ‘टू मेनी ओपन फाइल्स’ दिसलं की बरेच जण थेट कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) आकडा वाढवायला धावतात. आधी एरर पूर्ण वाचा. शेवटी ‘इन सिस्टम’ असेल तरच अख्ख्या सिस्टिमची मर्यादा संपलेली असते. नसेल तर एकाच प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) कोटा भरलाय, आणि बहुतेक वेळा तसंच असतं. सॉकेट (नेटवर्क जोडण्या) आणि पाइपही (प्रोसेसेसमधले दुवे) या कोट्यात मोजले जातात, त्यामुळे वर्दळीचा सर्व्हर १०२४ चा नेहमीचा सॉफ्ट लिमिट (प्रत्यक्ष लागू असलेली मर्यादा) सहज गाठतो.

(कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्यात, टाइप अर्थातच रोमन लिपीत करा.)

कर्नलची स्थिती बघायला ‘कॅट /प्रॉक/सिस/एफएस/फाइल-एनआर’ चालवा. तीन आकडे येतील: पहिला सध्याच्या वापराचा, तिसरा कमाल मर्यादेचा, मधलं शून्य सोडून द्या. पहिला तिसऱ्याच्या जवळ असेल तर ‘/ईटीसी/सिसकंट्रोल.डी’ मध्ये ‘.कॉन्फ’ने संपणारी फाइल करून ‘एफएस.फाइल-मॅक्स = २००००००’ अशी ओळ टाका आणि रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून ‘सिसकंट्रोल --सिस्टम’ चालवा. मात्र नव्या सिस्टिमडीवर (सर्व्हिसेस सुरू करून सांभाळणारा प्रोग्राम) तिसरा आकडा बहुधा एकोणीस अंकी असतो. तिथे हीच ओळ चिकटवलीत तर मर्यादा वाढायची सोडून घटेल!

प्रोसेसचा कोटा वाढवायचा असेल तर प्रोग्राम कुठून सुरू होतो ते बघा. लॉगिन करून चालवत असाल तर ‘/ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ’ मध्ये युजरच्या नावापुढे ‘सॉफ्ट नोफाइल ६५५३६’ आणि दुसऱ्या ओळीत ‘हार्ड नोफाइल ६५५३६’ (सॉफ्ट लिमिट जिथवर वाढवता येतो ती कमाल) लिहा, मग पुन्हा लॉगिन करा. ‘एफएस.एनआर_ओपन’पेक्षा (एका प्रोसेससाठी कर्नलची कमाल, मूळ आकडा १०४८५७६) मोठी संख्या टाकू नका, लॉगिनच अडकू शकतं. चालू सेशन तसंच ठेवून दुसऱ्या टर्मिनलमधून खात्री करा.

सिस्टिमडीची सर्व्हिस मात्र ही फाइल वाचतच नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. ‘सिस्टिमसीटीएल एडिट’ने सर्व्हिस उघडा, ‘[सर्व्हिस]’ खाली ‘लिमिटनोफाइल=६५५३६’ लिहा (एल आणि ‘नोफाइल’ कॅपिटलमध्ये) आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

बदल लागू झाला का, ते ‘/प्रॉक/<प्रोसेस क्रमांक>/लिमिट्स’ मध्ये दिसेल. शेजारच्या ‘एफडी’ डिरेक्टरीतल्या नोंदी (प्रत्येक उघड्या फाइलची एक) अधूनमधून मोजा. लोड तेवढाच असूनही त्या वाढतच राहिल्या, तर प्रोग्राम फाइल्स उघडून बंद करत नाहीये. मग आकडा कितीही वाढवा, तोच एरर थोडा उशिरा येईल.