समुद्राजवळ घर घेताना तपासणीतल्या या चुका टाळा

समुद्राजवळचे घर विकत घेण्यापूर्वी ते तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे, हे आता बहुतेकांना पटलेले असते. तरीही ही तपासणी कोणाकडून, केव्हा आणि नेमकी कशाची करून घ्यायची याबाबत त्याच त्या चुका इतक्या नेमाने होतात, की त्या एकदा सविस्तर लिहून ठेवणे आवश्यक वाटले. इमारतींची तपासणी हे माझे काम आहे आणि किनाऱ्यालगतच्या कोणत्याही घराकडे मी प्रथम एकाच प्रश्नाने पाहतो: मीठ किती आत शिरले आहे? गळणारे छप्पर, वाळवी लागलेली चौकट, फुटलेला नळ हे दोष दिसतात, त्यांचा खर्च काढता येतो आणि तो किमतीतून वळताही करून घेता येतो. काँक्रीटमध्ये मुरलेले मीठ मात्र दिसत नाही आणि सहजासहजी बाहेरही काढता येत नाही.

बँकेच्या मूल्यांकनाला तपासणी समजणे

कर्ज देणारी बँक आपला माणूस पाठवते, तो घर पाहतो, मोजमापे घेतो, छायाचित्रे काढतो आणि अहवाल देतो. खरेदीदार तो अहवाल पाहून निर्धास्त होतो. या अहवालाचा हेतू एवढाच असतो की उद्या कर्ज थकले तर घर विकून बँकेची रक्कम वसूल होईल का, हे ठरवणे. तो बँकेसाठी लिहिलेला असतो. मूल्यांकन करणारा माणूस छज्जाखाली शिडी लावत नाही, हातोडीने ठोकून पाहत नाही आणि त्याने तसे करावे अशी अपेक्षाही नसते. त्याच्याच जोडीची दुसरी चूक म्हणजे विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला तपासनीस नेमणे. तो माणूस प्रामाणिक असू शकतो. परंतु ज्याच्याकडून त्याला पुढची कामे मिळणार आहेत तो तुम्ही नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. तपासणीची फी तुम्ही द्यावी आणि अहवाल तुमच्या नावे घ्यावा.

विसार देऊन झाल्यावर तपासणी करवून घेण्याबद्दल फार लिहीत नाही. अशा वेळी मला बोलावणाऱ्यांना निष्कर्ष नको असतो, दिलासा हवा असतो.

ताजा रंग पाहून समाधान मानणे

ही माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक आहे, म्हणून तिच्यामागचे कारण थोडे खोलात जाऊन सांगतो. चांगल्या काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबारा ते साडेतेराच्या आसपास असतो. इतक्या अल्कधर्मी वातावरणात आतल्या सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो आहे तोवर सळई गंजत नाही. समुद्री वाऱ्याबरोबर आलेले क्षार काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपतात, आणि सळईपाशी क्लोराइडचे, म्हणजे मिठातल्या गंज चढवणाऱ्या घटकाचे, प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या साधारण 0.4 टक्क्यांच्या वर गेले की हा थर जागोजागी तुटू लागतो. पुढे जो गंज तयार होतो त्याचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते. ही फुगवट काँक्रीटला आतून ढकलते. आधी सळईच्या रेषेत केसासारखी भेग दिसते, मग पोपडा सुटतो आणि शेवटी तांबूस सळई उघडी पडते.

विक्रीपूर्वी नेमके काय केले जाते? सुटलेला भाग फोडून काढतात, सळई घासतात, दुरुस्तीचा मसाला भरतात, वरून रंग देतात. काम स्वच्छ दिसते, आणि दुर्दैवाने त्यातूनच पुढचा बिघाड सुरू होतो. गंजणारा भाग आपल्या आजूबाजूच्या सळईचे एका अर्थी रक्षण करत असतो, कारण विद्युतरासायनिक क्रियेत झीज सोसणारे टोक तो असतो. तो भाग नव्या, क्षारमुक्त मसाल्याने झाकला की झीज शेजारच्या जुन्या, क्षार मुरलेल्या काँक्रीटमधल्या सळईकडे सरकते. त्यामुळे ठिगळाभोवती गंजाचे नवे कडे उमटते आणि काही वेळा ते पहिल्यापेक्षा लवकर उमटते.

एका कुटुंबाने पसंत केलेल्या घरात हे मी जवळून पाहिले. घर देखणे होते, नुकतेच रंगवलेले होते, आणि हाताशी दलालाने मिळवून दिलेला सुबक छायाचित्रांचा अहवालही होता, ज्यात ‘सर्वसाधारण स्थिती उत्तम’ असा शेरा होता. मी समुद्राकडची भिंत पाहावी असा सर्वांचा आग्रह होता. मी मात्र नेहमीप्रमाणे आधी बाल्कनीच्या आणि छज्जांच्या खाली गेलो. समुद्राकडच्या उघड्या भिंतीवरचे मीठ पाऊस बऱ्याच अंशी धुऊन नेतो; आडोशाच्या खालच्या पृष्ठभागांवर खारी हवा पोहोचते, पण पावसाचे पाणी पोहोचत नाही, म्हणून मीठ तिथे साचत राहते. हातोडीने ठोकत गेल्यावर ठिगळांच्या जागी खणखणीत आवाज आला आणि ठिगळाच्या कडेपासून वीतभर अंतरावर तो बद्द झाला, म्हणजे तिथले काँक्रीट आतून सुटलेले होते. प्रत्येक ठिगळाभोवती हेच होते.

नुसत्या आवाजावरून निकाल देऊ नये, म्हणून मी ड्रिलने वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून प्रयोगशाळेत पाठवण्याची परवानगी मागितली. छिद्रे बोटभर रुंदीची असतात आणि लगेच बुजवून देता येतात. विकणाऱ्याने नकार दिला. नव्या रंगाला डाग पडेल, असे कारण सांगितले. माझ्या दृष्टीने तपासणी तिथेच पूर्ण झाली होती. खरेदीदाराला मी तसे लेखी दिले. परंतु दुसरे गिऱ्हाईक उभे आहे, भाव वाढणार आहेत, आणि ‘थोडीफार दुरुस्ती तर सगळीकडेच लागते’ या तीन वाक्यांपुढे माझ्या पत्राचे काही चालले नाही. दुसऱ्या वर्षी बाल्कनीखालचा मोठा पोपडा खाली आला. सुदैवाने त्या वेळी खाली कोणी उभे नव्हते. अखेरीस बाल्कनीचा पूर्ण स्लॅब पाडून नव्याने घालावा लागला, आणि तोपर्यंत विकणाऱ्याचा फोन बंद झालेला होता.

तेव्हापासून माझा नियम सोपा आहे. ज्या घराला विक्रीच्या तोंडावर रंग दिलेला आहे, तिथे मी भुकटीच्या नमुन्यांशिवाय मत देत नाही. नमुने तीन तरी खोलींवरचे घ्यावेत, उदाहरणार्थ 5 ते 25, 25 ते 50 आणि 50 ते 75 मिलिमीटर, आणि आडोशाच्या जागांवरून घ्यावेत. क्लोराइड पृष्ठभागाशी जास्त आणि आत कमी होत गेलेले असेल तर ते हवेतून आलेले आहे. ते सर्व खोलींवर जवळपास सारखेच भरले, तर बांधकामातच समुद्राची वाळू किंवा खारे पाणी वापरले असण्याची दाट शक्यता आहे. मग प्रश्न बाल्कनीपुरता उरत नाही, प्रत्येक खांबाचा होतो. असे घर मी घेऊ नका म्हणून सांगतो आणि त्यावर चर्चा करत नाही.

फिनॉल्फ्थॅलिनवर भागवणे

फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन (अल्कधर्मी पदार्थावर गुलाबी होणारे रसायन) शिंपडले, ते गुलाबी झाले, म्हणजे काँक्रीट उत्तम, असे सांगणारे तपासनीस मला वारंवार भेटतात. ही चाचणी स्वस्त आहे, झटपट होते आणि गिऱ्हाइकासमोर छान दिसते. ती सांगते ते इतकेच की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची अल्कधर्मिता किती खोलपर्यंत नष्ट झाली आहे. ती नष्ट झाली असेल तिथे रंग येत नाही. क्लोराइडबद्दल ती काहीही सांगत नाही. गडद गुलाबी दिसणाऱ्या काँक्रीटमधली सळई मिठामुळे आरामात गंजत असू शकते, आणि किनाऱ्यावर नेमके तेच घडते. गंज चालू आहे का हे पाहायचे असेल तर अर्धसेल विभव चाचणी, म्हणजे सळईचा विद्युतदाब मोजणारी चाचणी, करावी. तांबे-मोरचूद इलेक्ट्रोडने घेतलेले वाचन −350 मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण असेल, तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांहून अधिक धरली जाते; −200 पेक्षा कमी ऋण असेल तर तितक्याच खात्रीने गंज नाही असे मानतात. यासाठी एका ठिकाणी सळई उघडी करून तिला तार जोडावी लागते, म्हणजे पुन्हा विकणाऱ्याची परवानगी लागते. ती व्यवहाराच्या बोलणीतच लेखी मागून घ्यावी. सोबत कव्हर मीटरने सळईवरचे आवरण किती जाडीचे आहे तेही मोजून घ्यावे, कारण 20 मिलिमीटर आवरणाआडच्या सळईपर्यंत मीठ 50 मिलिमीटरच्या मानाने कितीतरी लवकर पोहोचते.

‘समुद्रसपाटीपासून तीन मीटर उंच’ या वाक्यावर विसंबणे

नकाशातली समुद्रसपाटी म्हणजे समुद्राची सरासरी पातळी असते. समुद्र सरासरीवर थांबून राहत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सरासरीच्या वर काही ठिकाणी अर्धा मीटर, तर काही ठिकाणी कित्येक मीटर चढते; त्यावर वादळाने ढकललेल्या पाण्याचा फुगवटा येतो आणि त्याच्याही वर लाटा असतात. तेव्हा ‘तीन मीटर’ या आकड्याला स्थानिक भरतीचा आवाका माहीत असल्याशिवाय अर्थ नाही. याच्या उलट घोटाळाही होतो. भरती-ओहोटीच्या तक्त्यांमधली शून्य पातळी सहसा सरासरी पातळी नसते; ती सर्वांत खालच्या ओहोटीच्या जवळपास धरलेली असते. तक्त्यातली साडेचार मीटरची भरती आणि जमिनीच्या नकाशातली तीन मीटरची उंची एकमेकांशेजारी ठेवून कोणी घर बुडणार असे ठरवतो, तेव्हा तो दोन वेगवेगळ्या शून्यांची वजाबाकी करत असतो. भूमापकाकडून जोत्याची पातळी काढून घ्यावी आणि ती कोणत्या शून्यापासून मोजली आहे हे अहवालात लिहून घ्यावे. जगभरची सरासरी समुद्रपातळी 1901 ते 2018 या काळात सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली आणि वाढीचा वेग पुढच्या काळात चढताच राहिला आहे; पुढची काही दशके जिथे काढायची आहेत त्या घराचा हिशेब करताना हे धरलेच पाहिजे.

किनाऱ्याची धूप तपासण्यासाठी जुनी उपग्रह छायाचित्रे पाहणे उत्तम. लँडसॅट या उपग्रहांची चित्रमालिका 1972 पासूनची आहे. मात्र एक चित्र ओहोटीचे आणि दुसरे भरतीचे घेऊन किनारा सरकला म्हणून ओरडू नये. ऋतू आणि भरतीची वेळ जुळणारी चित्रेच एकमेकांशेजारी ठेवावीत. जवळपास नवा बांध किंवा धक्का झाला असेल तर वाळूची वाट अडते आणि एका बाजूला भर पडत असताना दुसऱ्या बाजूचा किनारा खचतो, त्यामुळे केवळ आपल्या भूखंडासमोरचे पाहून भागत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या, पण किरकोळ नसलेल्या चुका

टोचून मोजायचे ओलावामापक खाऱ्या भिंतीवर फसतात, कारण मिठाने विद्युतवहन वाढते आणि आकडा फुगतो. खात्री हवी असेल तर भिंतीचा नमुना काढून कार्बाइड चाचणी करावी; तीत नमुन्यातले पाणी कार्बाइडशी मिळून जो वायू तयार होतो त्यावरून ओलावा मोजतात. लोणा लागलेली भिंत वरून जलरोधक रंग लावून सुधारत नाही. हवेतील आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेते, म्हणून घर कोरड्या दिवशी एकदाच पाहून निर्णय घेऊ नये.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याचा नमुना कोरड्या ऋतूच्या अखेरीस घ्यावा. भूजलाची पातळी समुद्रापेक्षा जितकी वर असते, त्याच्या साधारण चाळीसपट खोलीपर्यंत गोडे पाणी तग धरते. म्हणजेच पातळी एका मीटरने उतरली की खालचे खारे पाणी सुमारे चाळीस मीटर वर सरकू शकते. भर पावसात गोड लागलेले पाणी नंतर मचूळ निघाले तर त्यात नवल नाही.

‘स्टेनलेस आहे’ हे उत्तर पुरेसे मानू नये. 304 प्रतीचे पोलाद समुद्राकाठी डागाळते, तिथे मॉलिब्डेनम असलेले 316 लागते. वीजजोडणीची पेटी उघडून पाहावी. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागात तांब्याच्या नळ्यांवरचे ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे हाताला भुगा होऊन येतात का, तेही पाहावे. यंत्र जुने नसतानाही तसे होत असेल तर त्या जागेवरची हवा किती खारी आहे हे तिथेच कळते.

अहवालाचे शेवटचे पान न वाचणे

अहवाल हाती आला की लोक पहिल्या पानावरचा निष्कर्ष वाचतात. मी दुसऱ्याचा अहवाल वाचताना शेवटून सुरुवात करतो, कारण काय पाहिले नाही याची यादी तिथे असते: ‘छतावर जाता आले नाही’, ‘खालच्या तळाची दारे बंद होती’, ‘माळ्यावर सामान होते’, ‘काँक्रीटची चाचणी या कामात समाविष्ट नाही’. यातले प्रत्येक वाक्य तपासनिसाच्या दृष्टीने योग्यच असते. ते त्याने प्रामाणिकपणे लिहिलेले असते आणि वाचायचे काम तुमचे असते. न पाहिलेल्या भागांची वेगळी यादी करावी, ते उघडून दाखवण्याची मागणी विकणाऱ्याकडे लेखी करावी आणि तपासनिसाला पुन्हा बोलवावे. दुसऱ्या फेरीची फी आधीच ठरवून घ्यावी, म्हणजे ऐन वेळी ती वाचवण्याचा मोह होत नाही. करारातही असे कलम घालून घ्यावे की ठरलेल्या चाचण्यांचे निकाल समाधानकारक नसल्यास विसार परत मिळेल. आणि प्रयोगशाळेला लागणारा वेळ विचारून मगच करारातली मुदत ठरवावी.