इंग्लंडच्या खेड्यातलं जुनं चर्च कसं बघायचं

इंग्लंडात खेड्यापाड्यांतून फिरताना दर थोड्या अंतरावर एखादं छोटं दगडी चर्च दिसतंच, आणि बहुतेक जण काय करतात तर थेट आत शिरतात, रंगीत काचांचे दोन फोटो काढतात आणि बाहेर. तसं करू नका. आधी बाहेरून एक पूर्ण प्रदक्षिणा घाला, सावकाश. कारण ही चर्चेस एका साली बांधून झाली असं सहसा नसतंच, ती गोधडीसारखी असतात, शेकडो वर्षं पिढ्यान्‌पिढ्या ठिगळं लावत गेलेली. आपण फक्त शिवणी शोधायच्या.

दिशा लावून घ्या. ऑल्टर, म्हणजे प्रार्थनेची मुख्य वेदी, पूर्वेला, टॉवर असेल तर बहुतेक वेळा पश्चिमेला, लोकांचं येण्याजाण्याचं दार बहुधा दक्षिणेला. लोक बसतात तो मोठा भाग म्हणजे नेव्ह आणि ऑल्टरकडचा छोटा भाग म्हणजे चान्सेल. यातली गोम अशी की नेव्हची डागडुजी गावकऱ्यांच्या गळ्यात असायची आणि चान्सेलची पाद्र्याच्या, म्हणजे ज्याला गावच्या उत्पन्नाचा मोठा वाटा मिळायचा त्या रेक्टरच्या. त्यामुळे एकाकडे पैसा आला की तेवढाच भाग नवा व्हायचा, दुसरा तसाच. दोन्हींचे दगड, छपराची उंची, खिडक्या ताडून बघा, फरक लगेच कळतो.

आता खिडक्या. अर्धगोल कमान म्हणजे साधारण नॉर्मन, फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्या १०६६ नंतरची शंभर-सव्वाशे वर्षं. अरुंद आणि वर टोक आलेली म्हणजे १३वं शतक. दगडाची वेलीसारखी वळणदार जाळी म्हणजे १४व्याचा पूर्वार्ध, आणि सरळ उभ्या पट्ट्या, मोठमोठ्या काचा, चपटी कमान म्हणजे त्यानंतरचं, पार १६व्या शतकापर्यंत. अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड, पर्पेंडिक्युलर ही या शेवटच्या तिघींची नावं थॉमस रिकमन या वास्तुतज्ज्ञाने १८१७ मध्ये रूढ केली, म्हणजे बांधणाऱ्या गवंड्यांना ती माहीतच नव्हती. पण फसू नका, खिडकी बदलणं भिंत पाडण्यापेक्षा सोपं, म्हणून खिडकीवरून खिडकीचंच वय कळतं. भिंतीसाठी कोपरे बघा. एक लांब दगड उभा, त्यावर एक आडवा, परत उभा असं रचलेलं दिसलं तर बहुधा सॅक्सन काम, नॉर्मन लोक यायच्याही आधीचं. डरहॅमजवळच्या एस्कमचं चर्च तर ७व्या शतकातलं, आणि त्याला जवळच्या रोमन किल्ल्याचे दगड उचलून आणून लावलेत!

मी स्वतः एकदा झिगझॅग नक्षीचं अर्धगोल दार बघून "अस्सल नॉर्मन" म्हणून सगळ्यांना फोटो पाठवले होते, नंतर कळलं ते व्हिक्टोरियन काळातलं, म्हणजे १९व्या शतकात जुन्यासारखं घडवलेलं. तेव्हापासून आधी दगडाची धार बघतो. जुन्या दगडावर कुऱ्हाडीसारख्या हत्याराचे तिरके ओरखडे असतात, कडा झिजलेल्या, दोन नक्ष्या कधी तंतोतंत सारख्या नाहीत. सगळं एकसारखं आणि कडक धारेचं असेल तर संशय घ्या. खरं काम बघायचंय तर हेरफर्डशरमधल्या किलपेकला जा, साधारण ११४० चं, छपराखाली ओळीने कोरलेली तोंडं आहेत आणि त्यात एक कुत्रा आणि ससा जोडीने बसलेत, अगदी कार्टूनसारखे.

आत गेल्यावर दगडी फॉन्ट बघा, बाप्तिस्म्याचं पाणी ठेवायचं भांडं. काठावर लोखंडी कडीच्या खुणा किंवा तुटलेले कोपरे दिसतात, कारण पवित्र पाणी लोक जादूटोण्यासाठी पळवायचे, म्हणून झाकणाला कुलूप लावायचा हुकूम निघाला होता. चान्सेलच्या तोंडाशी कुठेच न जाणारा अरुंद जिना दिसला तर तो वरच्या लाकडी माडीचा, रेफॉर्मेशनमध्ये, म्हणजे १६व्या शतकात इंग्लंड कॅथलिक पंथापासून वेगळं झालं तेव्हा, माडी तोडली आणि जिना राहिला. त्याच काळात भिंतींवरची चित्रं चुन्याने पांढरी केली, त्यामुळे पोपडा उडालेल्या जागी लाल-पिवळा रंग डोकावतोय का बघा. व्हिक्टोरियन लोकांनी जीर्णोद्धाराच्या नावाखाली बरंच प्लास्टर खरवडून टाकलं, ते बघून चिडलेल्या विल्यम मॉरिस या लेखक-डिझायनरने १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवायची सोसायटी काढली. माझं मत विचाराल तर त्याचं बरोबर होतं, पण व्हिक्टोरियन लोकांनी छपरं दुरुस्त केली नसती तर यातली कितीतरी कोसळली असती हेही तितकंच खरं.

टॉर्च नक्की न्या आणि भिंतीवर समोरून नाही, बाजूने मारा, कोरलेली अक्षरं उठून दिसतात. हर्टफर्डशरमधल्या अॅशवेलच्या टॉवरमध्ये १३५० च्या प्लेगबद्दल आणि १३६१ च्या वादळाबद्दल कुणीतरी लॅटिनमध्ये भिंतीवर कोरून ठेवलंय.

निघताना दक्षिणेच्या दाराची चौकट नीट बघा. मध्ये एक भोक आणि त्यातून निघालेल्या रेघा दिसल्या तर ते प्रार्थनेच्या वेळा बघायचं घड्याळ, भोकात काडी खोचून सावली बघायची. आणि हेच घड्याळ पोर्चच्या आत, ऊन पोचतच नाही अशा जागी असेल तर एक तर पोर्च नंतरचा आहे नाहीतर तो दगड दुसरीकडून आणून तिथे बसवलाय.