लीव्हिंग सर्टचं वर्ष आणि हर्लिंग: ऑगस्टपासून जूनपर्यंतची तयारी

आयर्लंडमध्ये मूल लीव्हिंग सर्टला, म्हणजे माध्यमिक शाळेच्या सहाव्या आणि शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसणार असेल आणि हर्लिंग, म्हणजे काठीनं चेंडू मारायचा आयरिश मैदानी खेळ, खेळत असेल, तर पहिलं काम शाळा उघडायच्या आधीचं आहे. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एक मोठं, कागदाचं, भिंतीवर लावायचं कॅलेंडर आणा. फोनमधलं नको, कारण ते ज्याचं त्यालाच दिसतं. शाळेच्या तारखा निळ्या पेनानं लिहा, हर्लिंगच्या लाल पेनानं. दोन रंग एकाच चौकोनात कुठे येतात ते मुलाला स्वतःला बघू द्या. आमच्या थोरल्याचं सहावं वर्ष होतं तेव्हा आम्ही हे फेब्रुवारीत केलं, आणि तोवर सगळ्यात अवघड आठवडे अंगावर येऊन गेलेले होते. धाकटीचं कॅलेंडर ऑगस्टमध्येच लागलं. ती कमोगी खेळते. मुलींच्या हर्लिंगला आयर्लंडमध्ये कमोगी म्हणतात, आणि इथे लिहिलेलं बहुतेक सगळं तिलाही तसंच लागू आहे.

पहिली निळी खूण जूनमध्ये करा. जूनच्या पहिल्या सोमवारी बँक हॉलिडे असतो, आणि त्याच आठवड्यातल्या बुधवारी लीव्हिंग सर्ट आणि तिसऱ्या वर्षाची ज्युनियर सायकल या दोन्ही परीक्षा सुरू होतात. तिथून मागे मोजत यायचं. ईस्टरच्या सुट्टीत तोंडी परीक्षा, फेब्रुवारीच्या आसपास मॉक्स म्हणजे शाळेतल्या सराव परीक्षा, १ फेब्रुवारीला कॉलेजच्या अर्जाची म्हणजे सीएओची मुदत. मेडिसिनला जायचं असेल तर एचपॅटची, म्हणजे त्यासाठीच्या वेगळ्या प्रवेश चाचणीची, तारीखही आत्ताच लिहून टाका.

मूल तिसऱ्या वर्षाला आहे की सहाव्या, याचा विचार वेगवेगळा करा. आपल्याकडे दहावी आणि बारावी दोन्हीच्या नावानं घर एकदम गप्प होतं, टीव्ही बंद होतो, पाहुणे येणं थांबतं. तीच सवय घेऊन आपण इथे येतो. पण ज्युनियर सायकलचे गुण कॉलेजच्या प्रवेशात धरत नाहीत. तिसऱ्या वर्षाच्या मुलाचा खेळ कमी करायचं मला काहीच कारण दिसत नाही. मे महिन्यात थोडी शिस्त आणली की पुरतं. लीव्हिंग सर्टची गोष्ट वेगळी. सहा उत्तम विषयांचे गुण, हायर लेव्हलच्या, म्हणजे वरच्या पातळीच्या, गणिताचे २५ वाढीव धरून जास्तीत जास्त ६२५, आणि त्यावरच पुढचा कोर्स ठरतो. माझी सासू सांगलीहून दर रविवारी विचारायची, ‘बारावी ना गं त्याची? मग ती काठी अजून हातात कशी?’ प्रश्न काळजीचाच होता. पण त्या काठीमुळेच आमचा मुलगा संध्याकाळी घराबाहेर पडत होता, धावत होता, रात्री गाढ झोपत होता. खेळ पूर्ण बंद केलेल्या त्याच्या वर्गातल्या दोघांची चिडचिड आणि अपुरी झोप मी जवळून पाहिली आहे.

म्हणून खेळ सोडायचा नाही, संघ कमी करायचे. माझा सगळा भर याच एका गोष्टीवर आहे. मूल किती संघांत आहे ते बोटांवर मोजा: क्लबचा त्याच्या वयोगटाचा संघ, कधी वरच्या वयोगटाचाही, शाळेचा संघ, काउंटीचं म्हणजे जिल्ह्याचं डेव्हलपमेंट स्क्वॉड, आणि त्याच क्लबचं गेलिक फुटबॉल. प्रत्येक कोच आठवड्याला दोनच दिवस मागतो, आणि त्याच्या जागी त्याचं बरोबरच असतं. पण चार कोचचे दोन-दोन दिवस मिळून आठ होतात, आणि आठवडा सातच दिवसांचा आहे. सप्टेंबरमध्ये बसून दोन संघ निवडा आणि बाकीच्यांना एका वर्षापुरतं नाही म्हणा. कोणते दोन, ते मुलानं ठरवायचं. आमच्या मुलानं क्लब आणि शाळा ठेवली, फुटबॉल सोडलं. मला वाटलं होतं तो काउंटीचं स्क्वॉड धरून बसेल; त्यानं तेही सोडलं, कारण त्याचे मित्र क्लबमध्ये होते.

त्यानंतर कोचशी बोलणं. कोचला सगळं माहीत असतं असं आपण धरून चालतो, पण तसं नसतं. हर्लिंग चालवणारी संघटना जीएए वय १ जानेवारीला मोजते, शाळेचं वर्ष ऑगस्टअखेर सुरू होतं, आणि मध्ये कुणी ट्रान्झिशन इयर, म्हणजे तिसऱ्या आणि पाचव्या वर्षांमधलं जादा वर्ष, करतं, कुणी करत नाही. त्यामुळे सतरा वर्षांखालच्या एकाच संघात कुणी पाचव्या वर्षाचा असतो, कुणी सहाव्या, कुणी नुकताच ट्रान्झिशन इयरमध्ये गेलेला. आंतरकाउंटी मायनरचा, म्हणजे कुमार गटाचा, वयोगट २०१८ पासून अठराऐवजी सतरा वर्षांखालचा झाला. लीव्हिंग सर्टच्या मुलांवरचा ताण कमी व्हावा हे त्यामागचं एक कारण होतं, पण त्यानं प्रत्येक मुलाचा प्रश्न सुटत नाही. क्लबच्या स्पर्धांचे वयोगट आणि परीक्षेच्या काळातली सुट्टी काउंटी बोर्ड ठरवतं; तुमच्या काउंटीत काय आहे ते क्लबच्या सेक्रेटरीला विचारून कॅलेंडरवर लिहा.

बोलायचं मुलानं, आपण नाही. आपल्या मुलांना हे जड जातं. मोठ्या माणसाला ‘मला जमणार नाही’ म्हणणं उद्धटपणा आहे असं आपणच त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. इथे कोचला सर म्हणत नाहीत, नावानं हाक मारतात. तो स्वतः दिवसभर कामावर असतो आणि एक पैसा न घेता मैदानावर येतो. त्याला वेळेवर सांगितलं तर बहुतेकदा तो समजून घेतो. मॅचच्या आदल्या रात्री सांगितलं तर त्याचा संघ कोलमडतो. आमच्या मुलानं सप्टेंबरात पाठवलेला मेसेज तीन ओळींचा होता: यंदा माझं लीव्हिंग सर्ट आहे, मंगळवारी येईन, गुरुवारी अभ्यास करणार म्हणून येणार नाही, मॅच एकही चुकवणार नाही. हे पाठवायला त्याला चार दिवस लागले. उत्तर दोन मिनिटांत आलं, अंगठा वर केलेला. सगळेच असे नसतात. मॉकसाठी एक सराव चुकवला म्हणून दुसऱ्या एका संघात त्याला सलग दोन मॅच बाकावर बसवलं होतं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. त्या वेळीही बोलायला तोच गेला, आम्ही गाडीत थांबलो.

मूल आत्ता पाचव्या वर्षाला असेल तर यादीत एक नवी ओळ घाला. सप्टेंबर २०२५ पासून फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि बिझनेस या विषयांचा अभ्यासक्रम बदलला आहे आणि किमान ४० टक्के गुण लेखी पेपरबाहेरच्या कामाला आहेत. आपली बरीच मुलं यांतले दोन-तीन विषय घेतात. ते काम जमा करायच्या मुदती जूनच्या कितीतरी आधी येतात. शाळेकडून त्या मागून घ्या आणि निळ्या पेनानं जाड लिहा.

जानेवारी आणि फेब्रुवारीला वेगळं पान द्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हर्लिंग उन्हाळ्याचा खेळ आहे, म्हणजे अडचण जूनमध्ये येणार. शाळेच्या हर्लिंगचा सगळ्यात मोठा काळ हिवाळ्यात असतो. मन्स्टर प्रांतात शाळांची हार्टी कप स्पर्धा शंभरहून जास्त वर्षं चालू आहे, तिची अंतिम लढत साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला होते, आणि पुढे क्रोक कपची ऑल-आयर्लंड फायनल सेंट पॅट्रिक्स डेच्या, म्हणजे १७ मार्चच्या, आसपास. म्हणजे सीएओचा अर्ज, मॉक्स आणि संघाच्या मोठ्या मॅच सहा आठवड्यांत एकमेकांवर येऊन पडतात. मूल शाळेच्या संघात असेल तर ख्रिसमसच्या सुट्टीतच सीएओचा अर्ज भरून टाका. कोर्सचा क्रम १ जुलैपर्यंत बदलता येतो, त्यामुळे घाई झाली असं वाटून घ्यायचं कारण नाही. मॉकचा अभ्यासही सुट्टीत निम्मा उरकलेला असावा. आणि उपांत्य फेरीच्या दुसऱ्या दिवशी मॉकचा पेपर आला तर तो पेपर कमी गुणांचा जाऊ द्या. शाळेच्या जर्सीत, वर्गमित्रांसमोर, चिखलात खेळलेली ती मॅच त्याला परत मिळणार नाही. मॉकचे गुण सीएओला जात नाहीत.

आता हात. माझ्या मते या यादीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. हर्लिंगमध्ये हवेतून येणारा चेंडू, स्लिटर, उघड्या हातानं झेलायचा असतो, आणि त्याच क्षणी समोरच्या मुलाची ॲशच्या लाकडाची काठी, म्हणजे हर्ली, त्याच जागी येत असते. स्लिटर ११० ते ११६ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा हलका. बोट मोडतं ते बहुतेकदा हर्लीनं. डोकं हेल्मेटमध्ये सुरक्षित असतं, चेहऱ्यावर जाळी असते, २०१० पासून ते सगळ्यांनाच सक्तीचं आहे. हातांना असं काही नाही. उजव्या हाताचं मूल झेल डाव्या हातानं घेतं, म्हणून लिहिता हात वाचला असं आपल्याला वाटतं. पण उजवी मूठ हर्लीच्या वरच्या टोकाला असते आणि फटका तिलाही बसतो. आमच्या मुलाच्या उजव्या हाताची करंगळी मार्चच्या मध्याला साध्या सरावात मोडली. चार आठवडे करंगळी आणि शेजारचं बोट एकत्र बांधून पट्टी होती. पेन धरता येत होतं, पण पानाच्या तिसऱ्या ओळीपासून अक्षर उजवीकडे घसरायला लागायचं आणि तो हात झटकून खिडकीबाहेर बघत बसायचा. इंग्रजीच्या हायर लेव्हलचा पहिला पेपर २ तास ५० मिनिटांचा, दुसरा ३ तास २० मिनिटांचा, दोन्ही लागोपाठच्या दिवशी. ते आठवून माझ्या पोटात गोळा यायचा.

म्हणून आधीपासून हे करा. दोन्ही हातांना हर्लिंगचे ग्लोव्ह, आणि ते सरावालाही. मुलं ते फक्त मॅचला घालतात. बोट सुजलं तर ‘उद्या बघू’ नको, त्याच दिवशी एक्स-रे. हाड मोडलंच तर दुसऱ्या दिवशी शाळेत कळवा, कारण परीक्षेत वेगळी सोय लागली तर परीक्षा घेणाऱ्या स्टेट एक्झामिनेशन्स कमिशनशी शाळाच बोलते. अगदी गंभीर अपघात, आजार किंवा घरातल्या मृत्यूसाठी २०२२ पासून ठराविक पेपर नंतरच्या तारखेला देण्याची सोय आहे. ती वापरायची वेळ येऊ नये, पण आहे हे ठाऊक असावं. डोक्याला मार लागला, चक्कर आली, उजेड सहन होईना, तर त्याच क्षणी मैदानाबाहेर, मॅच कितीही मोठी असली तरी. आधी पूर्ण वेळ शाळा आणि अभ्यास न दुखता जमला पाहिजे, मैदान त्यानंतर. हा क्रम कुणाच्याही आग्रहानं उलटा करू देऊ नका.

रोजच्या व्यवस्थेचं थोडक्यात सांगते. इव्हनिंग स्टडी साधारण सहाला सुटते आणि सराव सातला असतो. मधल्या तासाभरात पोटात काहीतरी जायला हवं. मी रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये दही-भात किंवा मऊ खिचडी द्यायचे, गाडीत चमच्यानं खाता येते. घरी आल्यावर आधी अंघोळ, मग जेवण, आणि त्या रात्री पुस्तक उघडायचं नाही. सरावाच्या दिवशी अभ्यास शाळेतच संपला पाहिजे. किटची बॅग त्याच रात्री रिकामी करायची, ओली जर्सी आणि ग्लोव्ह रेडिएटरवर. मॅचला गाडीतून जाताना कानाला आयरिश भाषेच्या तोंडी परीक्षेची रेकॉर्डिंग लावली तर चालेल, परतताना मात्र नाही.

आयरिश तोंडीला ४० टक्के गुण आहेत, हे आपल्यातल्या बऱ्याच पालकांना वर्ष निम्मं संपल्यावर कळतं. तिथे हर्लिंग उपयोगाला येतं. परीक्षक छंदाबद्दल विचारतातच. आमचा मुलगा क्लबबद्दल, हर्लीबद्दल, हरलेल्या फायनलबद्दल आयरिशमध्ये न थांबता बोलू शकायचा, कारण ते त्यानं जगलेलं होतं. ही तयारी जानेवारीपासून करून घ्या. ईस्टरच्या सुट्टीत क्लबचे शिबिर किंवा स्पर्धा असतात. तोंडी परीक्षेच्या आठवड्याभोवती त्या दिवसांवर काट मारा.

मे महिन्यात सराव आठवड्यातून एकदा, तोही अंगावर न येता: धावणं, पास देणं, पॉइंट मारणं. चुरशीची मॅच त्या काळात असली तर जायचं की नाही ते मुलानं कोचबरोबर आठवडाभर आधी ठरवावं, सकाळी उठून नाही. परीक्षा सुरू झाल्यावर पहिल्या शनिवार-रविवारची काळजी घ्या. गेली काही वर्षं गणिताचा पहिला पेपर शुक्रवारी आणि दुसरा सोमवारी येतो आहे, आणि शुक्रवारी संध्याकाळी मुलाला वाटतं मधले दोन दिवस मोकळेच आहेत. त्या दोन दिवसांत मॅच नको. भिंत चालेल. घराच्या मागच्या भिंतीवर वीस मिनिटं स्लिटर मारायचा, डावीकडून, उजवीकडून, एकट्यानं. तो ठोक-ठोक आवाज तीन आठवडे रोज संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात येत होता, आणि त्यावरून मला पेपर कसा गेला ते कळायचं. चांगला गेला असेल तर आवाज एका लयीत यायचा.

आणखी एक, मेच्या शेवटी करायचं काम. हर्ली अंगणात आणा, मुलाला सरळ उभं करा आणि रुंद टोक पायाशी जमिनीला टेकवून वरचं टोक कमरेच्या हाडापर्यंत येतं का बघा. वर्षभर बसून अभ्यास करताना ही मुलं गुपचूप वाढलेली असतात. आमच्या मुलाची हर्ली एक इंच तोकडी निघाली. नवी बनवायला टाकली, ग्रिप निळ्या रंगाची सांगितली, आणि शेवटचा पेपर संपला त्या संध्याकाळी ती गाडीच्या मागच्या सीटवर होती.