किनाऱ्यावर जुना दगडी नांगर दिसला तर काय करायचं? बंदरांच्या खुणा ओळखायची आणि नोंदवायची पद्धत

कोकणात गेलं की आपण किल्ला बघतो, देऊळ बघतो, मासे खातो आणि परत येतो. पण ज्या बंदरांसाठी ते किल्ले बांधले त्या बंदरांच्या खुणा अजून खाडीच्या तोंडाशी, खडपात म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, कोळीवाड्यातल्या अंगणात पडून आहेत आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. त्या ओळखायला पुरातत्त्वाची डिग्री लागत नाही, ओहोटीची वेळ, मोजपट्टी, फोन आणि गावातल्या जुन्या माणसांजवळ निवांत बसायची तयारी एवढं पुरतं. मी इथे मुख्यतः दगडी नांगरांबद्दल, म्हणजे जहाज एका जागी धरून ठेवायला दोराला बांधून पाण्यात सोडायच्या घडीव दगडांबद्दल, लिहितोय कारण सामान्य माणसाला सापडण्यासारखी आणि नीट नोंदवता येण्यासारखी ती सगळ्यात चांगली वस्तू आहे, बाकीच्या गोष्टी ओघात येतील.

आधी वेळ ठरवा. पावसाळ्यात समुद्र पुळणीवरची वाळू ओढून नेतो आणि नंतरच्या महिन्यांत हळूहळू परत आणून टाकतो, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जे दगड, जे पाये उघडे दिसतात ते मार्चमध्ये वाळूखाली गेलेले असतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत व्हायला लागला की फिरायला सुरुवात करायची. भरतीचा हिशोब कोळी लोकांचा जुना आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, म्हणजे चतुर्थीला चार पाऊण तीन, तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. मुंबई-अलिबागकडे हे चांगलं जमतं, खाली मालवण-गोव्याकडे थोडा फरक पडतो, तिथे भरतीचं छापील टेबल किंवा अॅप बघा. यात एक गंमत आहे जी नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सगळ्यात जास्त मागे जातं पण ती ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी, आणि अष्टमी-नवमीला भांगाच्या दिवसांत ओहोटी भर दुपारी येते पण पाणी फारसं हटत नाही. म्हणजे खडपातलं काही बघायचं असेल तर अमावस्येच्या आसपास उजाडतानाच पोचायचं, उशिरा उठून चालणार नाही. त्या वेळचं तिरकं ऊन दगडावरच्या छिन्नीच्या खुणा दाखवायलाही उत्तम असतं. आणि भरती लागली की परत फिरायचं, एकट्याने खडपात जायचं नाही, यावर तडजोड नको.

आता नांगर ओळखायचा कसा. आपल्याकडे मुख्यतः तीन प्रकार सांगतात. पहिला म्हणजे अरबी समुद्राच्या व्यापारातला मध्ययुगीन नांगर, अभ्यासक त्याला इंडो-अरेबियन म्हणतात. लांब चौकोनी खांबासारखा दगड, वरती निमुळता होत गेलेला, वरच्या टोकाला दोरासाठी गोल भोक आणि खालच्या भागात लाकडी दांडे घालायला दोन चौकोनी भोकं. ही दोन भोकं एकाच बाजूला नसतात, एक समोरून आरपार आणि दुसरं काटकोनात शेजारच्या बाजूने आरपार, म्हणजे दांडे चारही दिशांना बाहेर येतात आणि नांगर कसाही पडला तरी तळात रुततो. दुसरा प्रकार चपट्या त्रिकोणी किंवा वर अरुंद खाली रुंद अशा फरशीसारखा, त्याची तिन्ही भोकं एकाच बाजूला, वर गोल खाली दोन चौकोनी. तिसरा नुसता गोल दगड मधे भोक पाडलेला, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण जातं, घाण्याचा दगड, दाराच्या खुंटीचा दगड हे सगळे तसेच दिसतात. गोल दगडाला एका अंगाला घासल्याचा सपाट चकचकीतपणा असेल तर ते जातं असण्याची शक्यता जास्त. नांगराच्या भोकाची कड बऱ्याचदा दोराने घासून एकाच दिशेला गुळगुळीत झालेली असते, बोट फिरवून बघा.

द्वारका-बेट द्वारकेपासून विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंत असे नांगर नोंदवले गेलेत, त्यातलं बरंचसं काम गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व विभागाचं आहे. पण नोंद न झालेले अजून असतील असं मला ठामपणे वाटतं, आणि ते समुद्रात कमी, गावात जास्त. कारण चांगला घडवलेला लांब दगड कोण सोडतो? तो पायरीला लागतो, कपडे धुवायला लागतो, होडी बांधायला वाळूत उभा पुरला जातो, कधी शेंदूर लागून देवही होतो. देव झालेला असेल तर हात लावायचा नाही, चपला काढून, विचारून, लांबूनच फोटो घ्यायचा, आणि नको म्हणाले तर नको.

मोजमाप असं घ्या. एकूण लांबी, वरच्या टोकाची रुंदी आणि जाडी, खालच्या टोकाची रुंदी आणि जाडी, प्रत्येक भोकाचं माप, वरच्या टोकापासून प्रत्येक भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर, आणि कुठलं भोक कुठल्या बाजूला आहे. एक साधी आकृती वहीत काढून बाजूंना अ ब क ड नावं द्या म्हणजे घरी गेल्यावर घोळ होत नाही. तुटलेला असेल तर तसं लिहा, तुकड्याची लांबी ही पूर्ण लांबी म्हणून लिहू नका. वजन करता येणार नाही पण अंदाज काढता येतो, समजा दीड मीटर लांब आणि सरासरी २५ बाय २५ सेंटिमीटर जाड, तर घनफळ साधारण ०.०९४ घनमीटर, काळा दगड म्हणजे बेसाल्ट असेल तर घनमीटरला २.९ टन धरून २७० किलोच्या आसपास. एवढं वजन उचलणारी होडी लहान नव्हती हे कळतं, पण एका नांगरावरून जहाजाचा आकार सांगायचा मोह टाळा, जहाजावर एकापेक्षा जास्त नांगर असायचे.

दगड कुठला आहे हे बघणं तर फारच महत्त्वाचं. रायगड-रत्नागिरीकडे बेसाल्ट आणि जांभा, त्यात जर चुनखडीचा किंवा ग्रॅनाइटचा घडीव दगड दिसला तर तो बाहेरून आलाय, बहुतेक जहाजातूनच, नांगर म्हणून किंवा जहाज स्थिर ठेवायला तळाशी भरलेला. मात्र मालवण-वेंगुर्ल्याकडे क्वार्ट्झाइट आणि ग्रॅनाइटसारखे दगड स्थानिकच आहेत, तिथे हा नियम चालत नाही. दगडाचा तुकडा फोडून नेऊ नका, आधीच कुठे तुटलेली कड असेल तर तिचा जवळून फोटो पुरतो.

फोटोत मोजपट्टी हवीच आणि उत्तर दिशा दाखवणारा बाण हवा. चारही बाजू, वरून, आणि मग दहा पावलं मागे जाऊन आजूबाजूच्या जागेसकट एक. फोनमध्ये अक्षांश-रेखांश पाच दशांशांपर्यंत लिहून घ्या, पण फोनचं जीपीएस चार-पाच मीटर इकडे तिकडे होतं म्हणून एखाद्या पक्क्या खुणेपासून, देवळाचा कोपरा, विहीर, धक्का, टेपने मोजलेलं अंतर पण लिहा. आणि हे लोकेशन सोशल मीडियावर टाकू नका प्लीज, खजिना शोधणारे लोक खरंच पोचतात आणि कुदळ घेऊन पोचतात.

आता ज्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो ते, माणसांशी बोलणं. या किनाऱ्याचा भूतकाळ राजांच्या आरमाराइतकाच कोळी, गाबीत, खारवी, भंडारी, दालदी लोकांचा आहे आणि तो कागदावर फार कमी आलाय. "तुमच्याकडे जुनं काही आहे का" असं विचारलं तर काहीच हाती लागत नाही, समोरच्याला वाटतं हा काहीतरी न्यायला आलाय. त्याऐवजी विचारा, काका, जाळं कुठे अडकतं? पूर्वी मचवे कुठे लावायचे? खाडी कधीपासून भरत आली? मच्छीमार समुद्रातली जागा दोन रेषांनी लक्षात ठेवतात, एका बाजूला देवळाचा कळस आणि मागचं डोंगराचं टोक एका रेषेत, दुसऱ्या बाजूला दीपगृह आणि एखादं झाड, आणि दोन्ही जुळल्या की जागा सापडली. ही खूण जशी सांगतील तशी, त्यांच्याच शब्दात लिहा, "ह्यो दगड आज्याच्या वेळेपासून हंयच आसा" हे वाक्यसुद्धा नोंद आहे. आजीबाईंना विसरू नका, मासळी विकायला कुठल्या वाटेने कुठल्या बाजाराला जायच्या हे त्याच सांगतील, आणि जुन्या बंदराची वाट बहुतेक तीच असते. जाळं अडकायची जागा ही त्यांच्या धंद्याची माहिती आहे, ती परवानगीशिवाय कुणाला देऊ नका आणि नोंदीत ज्यांनी दाखवलं त्यांचं नाव, त्यांना चालत असेल तर, पहिलं घाला. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यावरची, म्हणजे कातळाच्या पठारावर कोरलेली कातळशिल्पं, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, ती गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना अभ्यासकांच्या आधीपासून माहीत होती. त्यात मासे आहेत, कासवं आहेत, म्हणजे समुद्राशी नातं बंदरांच्या कितीतरी आधीचं.

वाटेत खापऱ्या दिसतील त्यांच्याबद्दल थोडक्यात. चौल, घारापुरीचं मोराबंदर, सोपारा अशा जागी किनाऱ्यावर जुनी खापरं येतात. आतून काळं डांबरासारखं लेपण आणि कान नसलेलं टोकदार बूड असेल तर ते इराण-इराककडचं टॉर्पेडो जार, दोन कान असलेलं असेल तर रोमन अँफोरा, म्हणजे दारू-तेल वाहून न्यायचं भांडं, असू शकतं. पूर्वी अँफोरा म्हणून नोंदवलेली बरीच खापरं नंतर टॉर्पेडो जार निघालीत, त्यामुळे नुसतं "रोमन" लिहून मोकळं होऊ नका. जागेवरच फोटो काढा आणि जागेवरच ठेवा.

जहाज कसं दिसायचं हे बघायचं असेल तर बोरिवलीच्या एक्सरला वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ उभे केलेले कोरीव दगड, आहेत, त्यांवर नौकायुद्ध कोरलंय, शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्या तेराव्या शतकातल्या लढाईशी त्याचा संबंध बरेच अभ्यासक जोडतात. वीरगळ खालून वर वाचायचा, खाली लढाई, वर स्वर्ग. खालच्या पट्टीत वल्ह्यांची रांग मोजा, नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, किती उंच उचललीये ते बघा, वल्हवणारे आणि लढणारे कसे वेगळे दाखवलेत ते बघा. नांगर बघायच्या आधी हे बघून आलात तर नांगराला जहाज मिळतं.

कायद्याचं सांगतो. १०० वर्षांपेक्षा जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते, तिचा व्यवहार १९७२ च्या कायद्याखाली येतो. जमिनीत सापडलेल्या मौल्यवान गोष्टीसाठी १८७८ चा कायदा अजून चालू आहे, १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. संरक्षित स्मारकात आणि आसपास खणणं तर नाहीच. बुडी मारून शोधायला जाऊ नका, पाण्याखालचं काम प्रशिक्षित लोकांचं.

जाळ्यात काही वर आलंच, लाकूड, लोखंड, तर ते उन्हात ठेवू नका. शेकडो वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड वाळलं की आक्रसतं आणि तडकतं, लोखंडाचे पापुद्रे सुटायला लागतात. पाण्यात बुडवून किंवा ओल्या गोणपाटात ठेवा, कुठे आणि किती वाव (एक वाव साधारण सहा फूट) खोलीवर मिळालं ते त्याच दिवशी लिहा, आणि राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या रत्नागिरी कार्यालयाला किंवा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला कळवा. पत्र लेखी द्या, पोच घ्या, एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा.

आणि दरवर्षी त्याच जागी उभं राहून तोच फोटो पुन्हा काढा. धूपप्रतिबंधक बंधारे, नवे धक्के, वाळू उपसा यात या खुणा भराभर जातायत, आणि बंधाऱ्याचं काम निघालं की तुमचा तारीख घातलेला फोटो आणि ग्रामपंचायतीतली ती प्रत घेऊन तुम्ही इंजिनीअरला सांगू शकता की हा दगड भरावात घालायचा नाही.