गारँड रायफलला ग्रीस: कुठलं घ्यायचं, कुठे आणि किती लावायचं

अमेरिकेत आल्यावर मी एम१ गारँड घेतली, तीच १९३६ ला अमेरिकन आर्मीने घेतलेली ८ गोळ्यांची सेमी-ऑटो, आणि पहिलं वर्षभर तिला नुसतं तेल घालत राहिलो. मग एका नेमबाजीच्या मॅचला पाऊस आला आणि बोल्ट (चेंबर, म्हणजे गोळीची जागा, बंद करणारा मागे-पुढे सरकणारा भाग) असा अडकला की हँडल हाताने ओढून उघडेना. तेल पाण्याने धुऊन गेलेलं. आर्मीलाही पावसात हाच त्रास झाला होता, म्हणून तर त्यांनी लुब्रिप्लेट नावाचं ग्रीस वापरायला सुरुवात केली आणि त्याची छोटी डबी सैनिकाच्या रायफलच्या बटमध्येच, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागातच, बसायची. म्हणजे ही रायफल ग्रीसवरच चालते हे आधी डोक्यात पक्कं करा.

कुठलं घ्यायचं? लुब्रिप्लेट १३०-ए अजूनही उत्तम. नाही मिळालं तर गाडीच्या व्हील बेअरिंगचं चांगलं लिथियम ग्रीस, एनएलजीआय २ ग्रेडचं (हा घट्टपणाचा नंबर), बिनधास्त चालतं. व्हॅसलिन मात्र नको, रायफल तापली की वितळून वाहून जातं. कडाक्याच्या थंडीत २ नंबर घट्ट होतं आणि बोल्ट मंदावतो, तेव्हा ० किंवा १ ग्रेड घ्या, नाहीतर हलकं तेल.

आता हात लावायच्या आधी रायफल रिकामी करा. बोल्ट मागे घ्या, क्लिप (गोळ्या धरणारी पत्र्याची पकड) काढा, चेंबरमध्ये नजर टाका आणि करंगळीने चाचपून बघा, पण हे सगळं करताना उजव्या तळव्याची कड हँडलला टेकवून मागे दाबून धरा, कारण फॉलोअर (गोळ्या वर ढकलणारी पट्टी) दाबला गेला की बोल्ट सुटतो आणि बोट जबर चेंगरतं. मग ट्रिगर ग्रुप (ट्रिगरची सगळी यंत्रणा) काढून स्टॉक, म्हणजे लाकडी भाग, वेगळा करा आणि जुनं ग्रीस सगळं पुसून टाका. हे टाळू नका प्लीज, जुन्यात बारूदाची काजळी आणि धूळ बसलेली असते, त्यावर नवीन थापलं तर ते पॉलिश पेपरसारखं धातू खात राहतं.

कुठे लावायचं ते रायफलच दाखवते. बोल्टच्या उजव्या लगकडे (बाजूला आलेल्या उंचवट्याकडे) नीट बघा, काळपट लोखंडावर तेवढाच एक चकचकीत पट्टा दिसेल. तिथेच ऑप रॉड (हँडल असलेली लांब दांडी) बोल्टला फिरवतो, सगळा जोर तिथे येतो, म्हणून लगवर आणि ऑप रॉडच्या ज्या खाचेत तो बसतो तिथे ग्रीस आधी. मग डावा लग, रिसिव्हरमधल्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या चौकटीतल्या) बोल्टच्या आणि ऑप रॉडच्या खाचा, हॅमरचं (फायरिंग पिनवर आपटणाऱ्या भागाचं) तोंड आणि बोल्टचं पोट (दोन्ही एकमेकांवर घासतात), आणि बॅरलच्या खालचा भाग, जिथे ऑप रॉड घासून चमक आलेली असते.

किती? लगला तांदळाच्या दाण्याएवढं, बाकी ठिकाणी ब्रशने नुसता थर, धातूचा रंग त्यातून दिसला पाहिजे. जास्त लावलं तर पहिल्या क्लिपलाच चष्म्यावर शिंतोडे उडतात.

जिथे घासतं तिथे ग्रीस, जिथे पिन फिरते तिथे तेलाचा थेंब, आणि जिथे बारूदाचा गरम गॅस लागतो तिथे काहीच नाही. गॅस सिलिंडर आणि पिस्टन कोरडेच ठेवा, तेल-ग्रीस जळून कार्बन धरतं. चेंबरमध्ये तर अजिबात नको, गोळीची पितळी केस चेंबरच्या भिंतीला धरत नाही आणि सगळा धक्का बोल्टवर येतो. फायरिंग पिनच्या भोकातही नको, थंडीत पिन जड होते आणि गोळी उडत नाही.

जोडून झालं की रिकाम्या रायफलचं हँडल दहा-पंधरा वेळा मागे-पुढे करा, कडेला जे बाहेर येईल ते फडक्याने पुसा. ट्रिगर ग्रुप परत काढून लग बघा, दोन्हींवर थर सारखा पसरलेला हवा, एकाच कडेला जमला असेल तर बोटाने सारखा करा. रेंजवरून आल्यावर ग्रीस करडं-काळं दिसलं की पुसून नवीन लावा, आणि पावसात भिजली असेल तर दिसो न दिसो, त्याच रात्री.